भांडायचं तर त्याच्याशीच भांड

पोरी, परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, हे गेल्यापासून प्रार्थनाच होत नाही गं. गुडघे टेकते आणि भिंतीकडं बघत बसते." मी नुसतं "बरं" म्हणाले. फोन स्पीकरवर होता आणि तुझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या, ते मला कपबशीच्या आवाजावरून कळलं. म्हणून लिहून पाठवतेय. एका बैठकीत वाचू नकोस. लागेल तेवढं घे, बाकीचं कपाटात राहू दे.

यातलं बरंचसं माझ्या आजीचं आहे. १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून उपाशी मुली केडगावला आणल्या, त्यांत ती होती. आईबाप त्याआधीच गेलेले. मराठी ती केडगावलाच शिकली, पण म्हातारपणीसुद्धा फार संतापली की गुजरातीतच बोलायची. तिच्यासारख्या मुली तेव्हा रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तीसदनात दीड-दोन हजारांच्या घरात होत्या. सगळ्याच कुणाला तरी मागं ठेवून आलेल्या. त्यामुळं दुःखात देवाचं काय करायचं, हा तिथं प्रवचनाचा विषय नव्हता. रोज सकाळी उठून वेणी घालण्याइतका तो जवळचा प्रश्न होता.

आणि ज्या बाईनं त्यांना आणलं, तिचं तरी काय? १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील गेले, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला, संसाराला दोन वर्षंही झाली नव्हती, आणि पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १८८३ साली, हे सगळं सोसून झाल्यावर. दुःख आलं की श्रद्धा जाते म्हणतात, त्यांच्याकडं ती दुःखाच्या मागून आली. पण ख्रिस्ती झाल्या म्हणून पुढचं काही टळलं नाही. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाही गेली, आईच्या आधी. बाप्तिस्मा म्हणजे विमा नव्हे, हे आमच्या घरात त्यामुळं फार लवकर समजलेलं होतं. विश्वासी माणसाच्या घरी असं कसं झालं, हा प्रश्न तुला कुणी विचारला तर त्याला केडगावला पाठव.

आता तुझ्या प्रार्थनेचं. शब्द येत नसतील तर स्वतःचे शोधू नकोस. छापलेले आहेत. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यांतली साधारण एक तृतीयांश तक्रारीची आहेत. आपण उपासनेत तेविसावं, एकशे एकविसावं म्हणतो आणि बाकीच्यांना हात लावत नाही. तू तेरावं काढ. त्यात तो माणूस देवाला पुन्हा पुन्हा एकच विचारतो, अजून किती दिवस. मग ८८ वं काढ. बाकीच्या बहुतेक रडगाण्यांना शेवटी कुठं तरी वळण लागतं, आभार येतात. ८८ वं अंधारातच संपतं. तिथं पुस्तक मिट आणि झोप. पुढचं आशेचं स्तोत्र वाचून स्वतःची समजूत घालू नकोस. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र बांधली त्यांना ते काढून टाकता आलं असतं. त्यांनी ठेवलं.

मोठ्यानं वाच मात्र. मनात वाचलं की डोळे पुढं सरकतात आणि मन मागं राहतं. मुलगा झोपल्यावर स्वयंपाकघराचं दार लावून वाच. माझी आजी विलापगीत वाचायची. पाचच अध्याय आहेत. त्यातले पहिले चार मूळ हिब्रूत अक्षरांच्या क्रमानं रचलेले आहेत. शहर जळालंय, पोरं उपाशी मेलीत, आणि हा माणूस पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकेक धरून रडतोय. मला याचं फार आश्चर्य वाटायचं. आता वाटतं, ज्याला रडण्याचा अंत दिसत नाही त्यानं अशी काही शिस्त लावून घेतली असेल. तूही घड्याळ लावून रड हवं तर. अर्धा तास रडायचं, मग तोंड धुवायचं आणि मुलाचा डबा भरायचा.

देवावर राग येतो हे तू बोलली नाहीस, पण मला कळलं. येऊ दे. मार्था आणि मरीया दोघींनी येशूच्या तोंडावर सुनावलं की तू वेळेवर आला असतास तर भाऊ मेला नसता. त्यानं त्यांना विश्वास कमी आहे म्हणून घालवून दिलं नाही. तो रडला. खुद्द वधस्तंभावर त्यानं जी आरोळी मारली ती बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे, आणि तिच्यात प्रश्नच आहे. ईयोबानं तर अख्खं पुस्तकभर देवाला कोर्टात खेचलं. शेवटी देव रागावला कुणावर? अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर, जे देवाची बाजू घेऊन शहाण्यासारखं बोलत होते. ईयोब नीट बोलला, असं देवानं स्वतः सांगितलं. आजीचा मंत्र एवढाच होता: भांडायचं तर त्याच्याशीच भांड, त्याच्यामागं दुसऱ्यांशी नको. त्याच्यावरचा राग पोरावर, सासूवर, कामवालीवर निघायला लागला की समज, भांडण चुकीच्या दारात गेलं.

आणि "का" याचं उत्तर? मला मिळालेलं नाही. तुझा मोठा मामा गेला तेव्हा मिळालं नाही, पुढंही नाही. ईयोबालाही मिळालं नाही. त्यानं विचारलं का, आणि देव बोलायला लागला रानबकरीबद्दल आणि शहामृगाबद्दल. मला ही टोलवाटोलवी वाटायची. थोडीशी अजूनही वाटते. पण देव स्वतः ईयोबाशी बोलायला आला, एवढं मात्र मी धरून आहे.

जेवतेस का? खरं सांग. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूत आला तो वचन घेऊन आला नाही, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं घेऊन आला. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूतानं पुन्हा उठवून जेवायला घातलं. बोलणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी, डोंगरावर. तुझ्यासाठीही हाच क्रम. रात्रीची भाकरी चुकवायची नाही. झोप लागत नसेल आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्यायच्या. प्रार्थना सभेतलं कुणी ना कुणी म्हणेलच की गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. पौलानं तीमथ्याच्या पोटासाठी औषध म्हणून थोडा द्राक्षारस सुचवला होता आणि पौलाच्या बरोबर फिरणारा लूक स्वतः वैद्य होता, हे त्यांना सांग. ऐकलं नाही तर माझ्याशी बोलायला सांग.

माणसांचं बोलणं हा वेगळाच छळ असतो. "प्रभूची योजना होती." "देवाला चांगली माणसं लवकर लागतात." ती वाईट नसतात, शांतता त्यांना सहन होत नाही. "हो का" म्हणायचं आणि चहा टाकायला उठायचं. वाद घालण्याइतकी ताकद तुझ्यात आत्ता नाही, आणि ती अशा ठिकाणी घालवूही नये. ईयोबाचे मित्र आल्यावर सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता जमिनीवर बसले होते. तेवढंच काय ते त्यांनी बरोबर केलं. तुझ्याकडं येऊन असं गप्प बसणारी दोन माणसं शोध. मंडळीत असतात, पण ती सहसा पुढच्या बाकावर नसतात.

एका प्रकाराला मात्र "हो का" म्हणायचं नाही, सरळ दार लावायचं. घराण्यावर शाप आहे, पूर्वजांचं पाप आहे, ते तोडायला खास प्रार्थना करावी लागेल, असं म्हणणारे लोक हल्ली प्रत्येक मयतीनंतर फिरतात. बहुतेक वेळा पुढं दानाचं पाकीट असतं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा लोकांच्या मनात हेच होतं. येशूनं विचारलं, ती अठरा यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती बोळवून दमून झोपलेली माणसं होती. आमच्या मंडळीनं कपडे आणि धान्य गोळा केलं, आणि ते गोळा करता करताच एका गृहस्थांनी त्या गावांच्या पापाचा हिशोब मांडायला सुरुवात केली. तुझ्या आजोबांनी पोत्याचं तोंड बांधता बांधता त्यांना एवढंच विचारलं की दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं पापामुळं जड झाली होती का. माणसं त्यांच्याखाली मेली. कारण असतं तिथं ते शोधावं, देवाच्या गळ्यात घालू नये.

यावरून तुझ्या नवऱ्याच्या अपघाताच्या केसचं. रात्री महामार्गावर दिव्याविना उभा केलेला ट्रक हा देवानं उभा केला नव्हता. ड्रायव्हरला क्षमा करायचीय म्हणून क्लेम करणार नाही, असं तू तुझ्या आईला म्हणालीस. क्षमा आणि क्लेम या दोन वेगळ्या फायली आहेत. मोटार अपघाताच्या दाव्याला मुदत असते, वकिलाला याच आठवड्यात भेट. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, पगाराच्या पावत्या, सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेव. ते पैसे तुझ्या मुलाच्या शाळेचे आहेत. क्षमेला मुदत नसते. ती आज झाली पाहिजे असं पाळकसाहेब म्हणाले तरी घाई करू नकोस. तोंडानं "क्षमा केली" म्हणून टाकलं की ती आत कुजते, हे मी जवळून पाहिलंय.

देवळात जायचं की नाही? जायचं. पण कसं, ते सांगते. पहिल्या बाकावर घरच्यांबरोबर बसायचं नाही, सगळे तुझ्या पाठीकडं बघत बसतील. अगदी शेवटच्याही नको, तिथं उशिरा येणाऱ्यांची कुजबुज असते. मागून दुसरा, दाराच्या बाजूचा. गाता येत नसेल तर गाऊ नकोस. उपासनासंगीत उघडं धरून उभी राहा, बाकीचे गातात ते तुझ्यासाठी गातात. कफर्णहूमात चौघांनी एका पक्षघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडलं. त्या माणसाचा विश्वास किती होता, मार्कानं काही लिहिलेलं नाही. येशूनं त्यांचा विश्वास पाहिला, एवढंच लिहिलंय. आपल्या विश्वासावर दुसऱ्याला उचलता येतं आणि दुसऱ्याच्या विश्वासावर आपल्याला पडून राहता येतं, मंडळी असते ती त्यासाठीच. नाहीतर प्रवचन आता मोबाइलवरही मिळतं. तू सध्या बाजेवर आहेस. चार माणसं धरतील. त्यांची नावं मला आत्ताच सांगता येतील, पण तू शोध.

गाणी निवडणाऱ्या ताईंना आधी भेट आणि मयतीच्या वेळी म्हटलेली दोन्ही गीतं काही महिने ठेवू नका म्हणून सांग. यात लाजायचं काही नाही. कुणाच्या लक्षात येत नाही, आणि भर उपासनेत ते सूर कानावर आले की पाय उचलत नाहीत. प्रभूभोजनाच्या रविवारी मनात राग आहे म्हणून मागं राहू नकोस. अपात्रपणानं घेण्याबद्दल पौलानं करिंथकरांना बजावलं ते कशावरून? श्रीमंत आधी येऊन खाऊन-पिऊन मोकळे होत होते आणि गरीब उपाशी राहत होते त्यावरून. रडणाऱ्या बाईसाठी ते लिहिलेलं नाही.

मंगळसूत्राचं विचारलंस. क्रूस असलेलं ते, तुझ्या आजोबांनी घडवून घेतलेलं. घालावंसं वाटलं तर घाल, नाही तर डबीत ठेव. हे तू ठरवायचं. बारशाच्या, लग्नाच्या घरात तुला कुणी हळूच मागं बसवलं तर मला कळव. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं ते विधवांना अपशकुनी समजणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून. आणि तेच आपल्या घरात मागच्या दारानं आत येणार असेल तर आपण चार पिढ्या काय केलं?

आता मुलाचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. "पप्पांना देवानं नेलं" असं त्याला सांगू नका. तो सहा वर्षांचा आहे. देव माणसं उचलून नेतो असं कळलं की रात्री तो तुझ्या पदराला धरून झोपेल आणि देवाचं नाव निघालं की गप्प होईल. तुझा धाकटा मामा भाऊ गेल्यावर असाच गप्प झाला होता. "पप्पा झोपलेत" हेही नको, मग तो झोपायला घाबरतो. सांग की अपघात झाला, शरीराला फार लागलं, डॉक्टरांनी प्रयत्न केले, पप्पा वारले. ते आता येशूजवळ आहेत असं आपण मानतो. "मानतो" म्हण, त्याला पुढं प्रश्न विचारायला जागा राहते. त्यानं विचारलं की येशूनं का वाचवलं नाही, तर "मला माहीत नाही, मीसुद्धा त्याला तेच विचारते" म्हण. आई देवाला विचारू शकते हे त्याला दिसलं तर मोठेपणी तोही विचारील. रविवारच्या शाळेतल्या बाईंनाही हे सांगून ठेव, नाहीतर तू घरी एक सांगशील आणि त्या फ्लॅनेलच्या फळ्यावर दुसरंच चिकटवतील. रात्रीची प्रार्थना त्याच्याबरोबर चालू ठेव, दोन ओळींची का होईना. तुझी होत नसेल तर त्याला म्हणू दे. माझी कित्येक दिवस अशीच पोरांच्या तोंडून झाली.

हसू येईल कधी तरी, आणि लगेच अपराधी वाटेल. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घरात आहेत, तुझ्या आईकडं माग. त्या बाईनं काय काय सोसलं ते त्यात आहे आणि तरी वाचताना पानोपानी हसू येतं. त्यांचे यजमान टिळक १९१९ साली गेले. त्यांनी 'ख्रिस्तायन' सुरू करून अर्धवट ठेवलं होतं, ते शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं. तू लगेच काही महाकाव्य लिही असं नाही. पण हाताला काही तरी काम असू दे, ज्याचं दुसऱ्या दिवशी काही पुढं गेलेलं दिसेल. रमाबाईंकडं मनोरमा गेल्यावरही बायबलच्या भाषांतराचं काम उरलं होतं. त्यानं दुःख कमी झालं असेल असं मी म्हणत नाही. दिवस मात्र काढता येतो.

तारखा जड जातात. लग्नाचा वाढदिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेव आणि त्या दिवशी रजा घे. पहिला नाताळ स्वतःच्या घरी करू नका, इकडं नगरला या. चांदणी मात्र पोरासाठी तुमच्या गॅलरीत लावा, बाकी फराळ मी बघते. नाताळच्या उपासनेला नाही आलीस तरी चालेल, पण पुढच्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेला ये. तिथं तुझ्याकडून हसऱ्या चेहऱ्याची कुणी अपेक्षा करत नाही. ईस्टरच्या पहाटे सगळे कबरस्थानात मेणबत्त्या घेऊन जातात, ते जमेल की नाही ते तेव्हा बघू. शनिवारचा दिवसही असतो मध्ये, आणि शिष्यांनी तो कसा काढला याबद्दल शुभवर्तमानात जवळजवळ काही नाही. दार लावून बसले असतील.

कबरीच्या दगडाचं सासरच्यांनी विचारलंय म्हणालीस. माती बसायला वेळ लागतो, निदान एक पावसाळा जाऊ दे, नाहीतर बांधकामाला भेग जाते. तोवर लाकडी क्रूस पुरे. वचन कोणतं कोरायचं ते आत्ता ठरवू नका. आत्ता निवडलेलं वचन बहुतेक दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी निवडलेलं असतं, आणि तुला पुढं आयुष्यभर ते वाचायचंय. नाव आणि दोन तारखा, खाली दोन ओळींची जागा मोकळी ठेवायला सांग. गवंडी म्हणेल, पुन्हा येऊन कोरायचं तर वेगळे पैसे पडतील. पडू देत. त्याला आगाऊ सगळी रक्कम मात्र देऊ नकोस, आणि नावाचं ऱ्हस्वदीर्घ कागदावर लिहून दे.